शून्य लिहा, पूर्ण गुण मिळवा!

ऑनलाइन गृहपाठात आकडी उत्तराचा प्रश्न टाकताना आपण उत्तर नीट तपासतो, पण ‘किती फरक चालेल’ हा रकाना घाईत भरतो. घोळ तिथेच होतो.

समजा, मूडलवर प्रोटॉनचा विद्युतभार कूलोममध्ये विचारलाय. उत्तर १.६०२ × १०^-१९, चालणारा फरक ०.०१. आता कुणी सरळ ० लिहिलं तरी पूर्ण गुण! उलट चिन्ह टाकलं तरीही. कारण मूडलच्या न्यूमरिकल प्रश्नात हा फरक निरपेक्ष असतो, टक्क्यांत नाही.

मग टक्के वापरले की झालं? तेही नाही. वेबवर्कमध्ये आपण काही बदललं नाही तर ०.१ टक्के सापेक्ष फरक धरला जातो. तिथे उत्तर १.६०२ असताना १.६ लिहिणारा चुकतो, कारण त्याचा फरक ०.१ टक्क्याहून थोडा जास्त भरतो; १०^-१९ इतक्या लहान उत्तराला मात्र तिथेही निरपेक्ष फरकच लागतो.

म्हणून आधी ठरवा, सार्थ अंक किती हवेत. दोन पुरेसे असतील तर १ टक्का ठेवा (मूडलमध्ये १.६ × १०^-२१) आणि प्रश्नातच तसं लिहा. मग स्वतः ०, उलट चिन्ह आणि १.६ वालं उत्तर टाकून बघा. प्रयोगातही किती त्रुटी चालेल हे मोजण्याआधीच ठरवतो ना, तसंच हे.