पावलातील कंडरा-स्थानांतर व रुग्णविशिष्ट मार्गदर्शक साचा

स्नायूचे टोक हाडाला जोडणाऱ्या चिवट, तंतुमय व दोरीसारख्या रचनेला कंडरा म्हणतात. एखादा स्नायू पक्षाघाताने, इजेने वा जन्मजात दोषाने निकामी झाला असता, किंवा परस्परविरोधी स्नायूंमधील समतोल बिघडला असता, दुसऱ्या कार्यक्षम स्नायूची कंडरा मूळ जागेवरून सोडवून नव्या जागी जोडण्याच्या शस्त्रक्रियेस कंडरा-स्थानांतर म्हणतात. या शस्त्रक्रियेत स्नायूचा उगम, त्याची तंत्रिका (मज्जातंतू) व त्याचा रक्तपुरवठा कायम राहतात. त्याच्या ओढीची जागा व दिशा तेवढी बदलते. कंडरारोपणात कंडरेचा तुकडा पूर्णपणे अलग करून दुसरीकडे बसवितात. त्याहून ही शस्त्रक्रिया वेगळी होय. स्थानांतरित कंडरा पुष्कळदा हाडात छिद्र पाडून त्यात बसवितात. या छिद्राची जागा व दिशा शस्त्रक्रियेपूर्वीच निश्चित करून, त्या एकाच रुग्णाच्या हाडावर नेमके बसेल असे जे साधन बनविले जाते, त्यास रुग्णविशिष्ट मार्गदर्शक साचा म्हणतात. यंत्रशाळेत एकाच ठिकाणी अचूक भोके पाडण्यासाठी जे ‘जिग’ वापरतात, त्याच्याशी या साच्याचे तत्त्व जुळते.

स्नायूंचा समतोल : पावलात २६ हाडे असून त्यांची हालचाल मुख्यतः पोटरी व नडगी यांच्या भागातील स्नायूंकडून होते. नडगीच्या पुढील बाजूचा अग्र अंतर्जंघा स्नायू पाऊल वर उचलतो व किंचित आत वळवितो. नडगीच्या मागे असलेल्या पश्च अंतर्जंघा स्नायूची कंडरा आतील घोट्याच्या मागून तळव्याकडे जाते. तो पाऊल आत वळवितो व पावलाची कमान धरून ठेवतो. पायाच्या बाहेरील बाजूचे बहिर्जंघा स्नायू पाऊल बाहेर वळवितात, तर पोटरीचे स्नायू टाचेच्या कंडरेद्वारे पाऊल खाली दाबतात. यांपैकी एक गट दुबळा झाला की त्याच्या विरुद्ध गटाची ओढ अनिर्बंध होते आणि पाऊल हळूहळू वाकडे होऊ लागते.

पाऊल उचलणारे स्नायू निकामी झाल्यास पादपात, म्हणजे लोंबते पाऊल, हा दोष उद्‌भवतो. गुडघ्याच्या खाली बाहेरील बाजूस हाडाला वळसा घालून जाणाऱ्या तंत्रिकेस कुष्ठरोगाने, अपघाताने किंवा दीर्घकाळच्या दाबाने इजा झाली असता हा दोष आढळतो. चालताना बोटे जमिनीला घासू नयेत म्हणून रुग्ण गुडघा प्रमाणाबाहेर उंच उचलतो. कुष्ठरोगात पावलाची संवेदनाही गेलेली असल्यास पुढील भागावर व बाहेरील कडेवर पडणारा अतिरिक्त भार रुग्णास जाणवत नाही. परिणामी तळव्यास जखमा होतात, त्या चिघळतात आणि कधीकधी पाऊल गमावण्याची वेळ येते. अशा रुग्णाच्या बाबतीत कंडरा-स्थानांतराने केवळ चाल सुधारत नाही, तर पाऊल वाचण्यासही मदत होते.

इतिहास : पावलातील कंडरा-स्थानांतराचा आरंभ सामान्यतः ऑस्ट्रियन शस्त्रक्रियाविशारद कार्ल निकोलाडोनी यांच्यापासून मानला जातो. १८८० च्या सुमारास त्यांनी पोटरीचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णात बहिर्जंघा स्नायूंच्या कंडरा टाचेच्या कंडरेस जोडल्या. पुढे बालपक्षाघाताच्या [⟶ पोलिओ] साथींमुळे अशा शस्त्रक्रियांची गरज फार मोठ्या प्रमाणावर भासू लागली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोनराट बिझाल्स्की व लिओ मायर यांनी कंडरेचा सरकमार्ग, तिचा ताण व तिच्याभोवतीचे आवरण यांना महत्त्व देणारी शरीरक्रियात्मक पद्धती मांडली. कंडरा शक्य तितक्या सरळ मार्गाने न्यावी, ती भोवतालच्या ऊतकांना चिकटू नये आणि तिला योग्य ताण द्यावा, ही तत्त्वे आजही मान्य आहेत.

भारतात या शाखेच्या विकासास कुष्ठरोगाच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेने मोठी चालना दिली. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर कंडरा-स्थानांतराच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या व नंतर तीच दृष्टी पावलांच्या उपचारांतही उपयोगात आली. मुंबईत नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे मोलाचे कार्य केले. एच्. श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये पादपातासाठी पश्च अंतर्जंघा स्नायूच्या कंडरेचे दोन भाग करून ते पावलाच्या पृष्ठभागावरील अंगठ्याच्या व इतर बोटांच्या कंडरांत जोडण्याची पद्धती प्रसिद्ध केली. या पद्धतीत कंडरा कंडरेलाच शिवली जाते. हाडात छिद्र पाडावे लागत नाही. मार्गदर्शक साच्याचा विचार करताना ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जन्मजात वक्रपाद हे दुसरे महत्त्वाचे क्षेत्र होय. हा दोष सु. १,००० जन्मांमागे एका बालकात आढळतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी विकसित केलेल्या पद्धतीत अर्भकाचे पाऊल क्रमाक्रमाने वळवून प्लॅस्टरमध्ये ठेवतात व बहुतेक वेळा टाचेच्या कंडरेस लहानसा छेद देतात. तरीही काही मुलांमध्ये चालताना पाऊल आतील बाजूस वळत राहते. अशा वेळी सामान्यतः अडीच-तीन वर्षांच्या वयानंतर अग्र अंतर्जंघा स्नायूची संपूर्ण कंडरा पावलाच्या आतील कडेवरून सोडवून मध्यभागाजवळच्या बाह्य कीलकास्थीत (पाचरीच्या आकाराच्या तीन हाडांपैकी बाहेरच्या हाडात) बसवितात. त्यामुळे तोच स्नायू पाऊल आत न वळविता सरळ वर उचलू लागतो.

प्रौढांमध्ये कमान ढासळून पाऊल सपाट झाले असता बोटे दुमडणाऱ्या स्नायूची कंडरा नौकास्थीत बसवितात. टाचेची कंडरा तुटून बराच काळ लोटला असल्यास अंगठा दुमडणाऱ्या स्नायूची कंडरा टाचेच्या हाडात बसवितात.

मूलभूत अटी : स्थानांतरासाठी निवडलेला स्नायू सबळ असावा लागतो, कारण स्थानांतरानंतर त्याची शक्ती साधारणपणे एका श्रेणीने घटते. शून्य ते पाच या प्रचलित मोजपट्टीवर ती किमान चार असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. सांधे हाताने सहज हलविता आले पाहिजेत. ताठर वाकडे पाऊल कंडरेच्या ओढीने सरळ होत नाही, त्यासाठी आधी हाडांवर शस्त्रक्रिया करावी लागते. टाचेची कंडरा आखडली असल्यास ती लांबवावी लागते. स्नायू हलविल्याने मूळ जागी नवा दोष उत्पन्न होणार नाही, याचीही खात्री करून घ्यावी लागते. एकदा सोडविलेली कंडरा पूर्ववत बसविणे कठीण असते आणि उसना घेता येईल असा दुसरा स्नायू पावलाजवळ क्वचितच उपलब्ध असतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेतील अचूकतेस विशेष महत्त्व आहे.

अस्थिछिद्राचे स्थान : कंडरा हाडात बसविताना काही मिमी. व्यासाचे छिद्र पाडून तीत कंडरेचे टोक ओढून घेतात. ते विरघळणाऱ्या किंवा न विरघळणाऱ्या स्क्रूने पक्के करतात, अथवा टाक्याचे धागे तळव्यातून बाहेर काढून मऊ गादी व बटण यांवर बांधतात. छिद्र फार आत पडले, तर पाऊल आत वळत राहते. फार बाहेर पडले, तर ते बाहेर वळते. हाडाच्या कडेजवळ पडल्यास कड फुटते व कंडरेची पकड सुटते. शेजारच्या हाडात पडले, तर दोन हाडांमधील सांध्यास इजा होते. तळव्याच्या दिशेने सामता चुकल्यास तेथील तंत्रिका व रक्तवाहिन्या धोक्यात येतात. निरोगी प्रौढ पावलात अनुभवी शस्त्रक्रियाविशारद बोटांनी चाचपून व शस्त्रक्रियागृहातील क्ष-किरण पडद्याच्या साहाय्याने योग्य जागा शोधू शकतो. परंतु पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या, अपघातात मोडलेल्या वा जन्मतः वेड्यावाकड्या पावलात नेहमीच्या खुणा हरवलेल्या असतात. साच्याची खरी गरज अशाच ठिकाणी असते.

साचा तयार करण्याची रीत : ही पद्धती दोन शोधांवर उभी आहे. पहिला शोध संगणकीकृत क्ष-किरण छेदचित्रणाचा. गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे चित्रण झाले व या शोधाबद्दल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध थरावर थर चढवून वस्तू घडविण्याच्या त्रिमितीय मुद्रणाचा. त्याचे एक महत्त्वाचे एकस्व अमेरिकेत चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये मिळाले. हाडाच्या पृष्ठभागाचा उलटा ठसा घेऊन प्रत्येक रुग्णासाठी वेगळा साचा करण्याची कल्पना जर्मनीतील आखेन येथे क्लाउस राडरमाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात विकसित केली.

प्रथम पावलाचे सु. १ मिमी. किंवा त्याहून कमी जाडीच्या छेदांत चित्रण करतात. संगणकावर प्रत्येक हाड वेगळे करून त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली जाते. शस्त्रक्रियाविशारद व अभियंता मिळून त्या प्रतिकृतीवर कंडरेचा मार्ग आखतात आणि छिद्राचा प्रवेशबिंदू, व्यास, दिशा व खोली निश्चित करतात. नंतर हाडाच्या उघड्या करता येण्यासारख्या भागाच्या उंचसखलपणाशी तंतोतंत जुळणारी साच्याची खालची बाजू रेखाटतात. वरच्या बाजूस सामत्यासाठी नळी ठेवतात. प्लॅस्टिकचे कण हाडात पडू नयेत म्हणून तीत पुष्कळदा पोलादी नळी बसवितात. साचा नायलॉनच्या भुकटीपासून किंवा वैद्यकीय वापरास योग्य अशा राळेपासून मुद्रित करतात व दाबाखालील वाफेने निर्जंतुक करतात. उष्णतेने त्याचा आकार बदलत नाही, हे आधी तपासावे लागते. सोबत हाडाची प्रतिकृतीही मुद्रित केल्यास साचा नीट बसतो की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वीच पाहता येते.

शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाचा तेवढाच भाग मऊ ऊतकांपासून मोकळा करून साचा त्यावर बसवितात. योग्य जागी तो डळमळत नाही. बारीक तारांनी तो स्थिर केल्यावर नळीतून प्रथम मार्गदर्शक तार घालतात, तिची जागा क्ष-किरणाने पडताळतात आणि मगच पूर्ण व्यासाचे छिद्र पाडतात. ही पडताळणी वगळता येत नाही, कारण चुकीच्या जागी बसलेला साचा चुकीचे छिद्रही तितक्याच ठामपणे पाडून देतो. टाचेचे हाड कापून सरकविणे व कंडरा बसविणे ही कामे एकाच वेळी करावयाची असल्यास काप व छिद्र या दोन्हींसाठी एकच योजना आखता येते.

मर्यादा : साचा केवळ भूमिती सांगतो. कंडरेस किती ताण द्यावा, हे तो सांगू शकत नाही. पादपातात घोटा काटकोनापेक्षा किंचित वर धरून कंडरा बांधतात. ताण कमी पडल्यास पाऊल लोंबतच राहते व अधिक झाल्यास स्नायू थकतो किंवा नवा वाकडेपणा येतो. हा निर्णय हातानेच घ्यावा लागतो. क्ष-किरण छेदचित्रणात उपास्थी (कूर्चा) स्पष्ट दिसत नाही. लहान मुलांत कीलकास्थीचा पुष्कळसा भाग उपास्थीचाच असतो आणि चित्रात आतील अस्थिकेंद्र तेवढे दिसते. त्यामुळे नुसत्या त्या चित्रावरून बनविलेला साचा मुलाच्या हाडावर नीट बसेलच असे नाही. वाढ पूर्ण झालेल्या पावलात तो अधिक विश्वसनीय ठरतो. चित्रणानंतर बराच काळ गेल्यास पावलाचा वाकडेपणा बदललेला असू शकतो.

खर्च व वेळ यांचाही विचार आवश्यक आहे. योजना, तपासणी व मुद्रण यांस काही दिवस ते काही आठवडे लागतात. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यासाठी असे साचे पुष्कळ वापरले गेले. परंतु नेहमीच्या रुग्णांत प्रचलित उपकरणांहून ते निश्चितपणे सरस असल्याचे तुलनात्मक अभ्यासांत दिसून आले नाही. पावलातील कंडरा-स्थानांतराबाबतचा अनुभव त्याहूनही मर्यादित आहे. कंडरा कंडरेलाच शिवण्याच्या पद्धतीत तर साच्यास स्थानच नाही. कुष्ठरोगातील पादपातासाठी ही पद्धत अल्प साधनांत करता येते. अशा रुग्णांची अडचण बहुधा साच्याच्या अभावाची नसते. वेळेवर निदान, प्रशिक्षित शस्त्रक्रियाविशारद व नंतरचे व्यायाम यांची असते.

शस्त्रक्रियेनंतर : पाऊल सु. सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवतात. त्यानंतर स्नायूस नवे काम शिकवावे लागते. पूर्वी पाऊल आत वळविणारा स्नायू आता ते वर उचलणार असल्याने प्रारंभी रुग्णास जुनी हालचाल करण्याचा प्रयत्न करावयास सांगून त्यातून नवी हालचाल साधतात. हळूहळू ती सहज होते. संवेदना नसलेल्या पावलास योग्य पादत्राणे व रोजची तपासणी यांची जन्मभर आवश्यकता असते.

बालपक्षाघाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१४ मध्ये प्रमाणित करण्यात आले. त्यामुळे या कारणाने होणाऱ्या शस्त्रक्रिया आता मुख्यतः जुन्या रुग्णांपुरत्या उरल्या आहेत. वक्रपाद, तंत्रिकेच्या इजा, कुष्ठरोग व प्रौढांमधील सपाट पाऊल यांसाठी कंडरा-स्थानांतराची गरज मात्र कायम आहे. रुग्णविशिष्ट साचा हे त्यातील उपयुक्त साधन असून ज्या पावलात हाडे ओळखणे अवघड व चूक सुधारणे अशक्यप्राय असते, तेथे त्याचा लाभ सर्वांत अधिक होतो. योग्य स्नायूची निवड, योग्य ताण व नंतरचे शिक्षण यांना मात्र तो पर्याय ठरू शकत नाही.