हवामानाचा हिशेबतपासनीस

राज्यकर्त्यांना सल्लागारांची वानवा कधीच नसते. सचिव असतात, खात्यांचे अभियंते असतात, पक्षाचे कार्यकर्ते असतात, आणि न विचारता मत देणारे तर असतातच. मग हवामानबदलाच्या प्रश्नावर सरकारने आणखी काही तज्ज्ञ, आणि तेही सरकारच्या चाकरीत नसलेले, कशासाठी बोलवावेत, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. सहकारी पेढीचा जमाखर्च लिहिणारा कारकून कितीही प्रामाणिक असला, तरी वर्षाअखेर तो तपासण्यास आपण बाहेरचा हिशेबतपासनीस बोलावतो. आपल्या भिवंडीत मागावरून उतरलेला तागा विणणाऱ्यानेच तपासला आणि निर्दोष ठरवला, तर कोणता व्यापारी तेवढ्यावर विसंबेल? यात विणणाऱ्याचा अपमान नाही. ज्याने काम केले त्यानेच त्याची परीक्षा करू नये, एवढाच हा साधा संकेत आहे.

हवामानाच्या बाबतीत हा संकेत अधिकच अगत्याचा ठरतो. कारण येथे कृती आणि तिचे फळ यांमध्ये फार मोठे अंतर पडते. रस्ता वाईट बांधला तर पहिल्या पावसात कळते. परंतु कोळसा आणि डिझेल जाळून आज हवेत सोडलेल्या कार्बन वायूचा पुष्कळसा भाग शतकानुशतके तेथेच राहून उष्णता अडवीत असतो. निर्णय घेणाऱ्याची मुदत पाच वर्षांची, आणि निर्णयाचे परिणाम मात्र नातवंडांच्या काळात दिसणार! अशा स्थितीत वचन देणे सोपे, आणि ते विसरणे त्याहून सोपे. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले की, २०७० पर्यंत आपण निव्वळ शून्य उत्सर्जन गाठू. म्हणजे हवेत जेवढा वायू सोडू तेवढाच शोषून घेण्याची व्यवस्था करू. त्या वर्षी जाब देण्यास आजच्यांपैकी कोण असेल? म्हणून मधल्या वाटेवर मैलाचे दगड रोवणारा, आणि त्या दगडापाशी आपण वेळेवर पोहोचलो की नाही हे उघडपणे सांगणारा, कोणीतरी हवा.

ही कल्पना सर्वस्वी परदेशातून उसनी आणलेली आहे, असे मात्र समजू नये. ज्या न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, त्यांचीच बुद्धी त्या काळी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कामामागे होती. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या सभेने गावोगावची माहिती जमवली. पिके, धान्याचे भाव, गुरांचे हाल, दुष्काळी कामांवरची अपुरी मजुरी, हे सारे लिहून सरकारकडे धाडले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून दुष्काळी कायदे, म्हणजे ‘फॅमिन कोड’, तयार झाले. आपत्ती येण्यापूर्वीच तिच्याशी कसे वागायचे हे लिहून ठेवावे, हा विचार त्यातून रुजला. परंतु १८९६-९७ साली पुन्हा दुष्काळ पडला, आणि तोवर टिळकांच्या पक्षाकडे आलेली ही सभा त्या नियमांप्रमाणे तुमचा हक्क काय, हे शेतकऱ्यांना सांगू लागली. तेव्हा १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. माहिती पुरविणारी सभा सरकारला चालली होती. दिलेल्या वचनाची आठवण करून देणारी सभा चालली नाही.

स्वतंत्र सल्लागाराची ही दोन कामे नीट ध्यानात ठेवली पाहिजेत. एक, पुढचे पाहून योजना सुचविणे. दुसरे, ती योजना अमलात येते की नाही यावर डोळा ठेवणे. पहिले झाले आणि दुसरे राहिले म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्या शेजारच्या मुंबईत आहे. तेथील पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा मोठा अभ्यास ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने १९९३ साली पुरा झाला. जुनी गटारे ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस पेलतात, ती ५० मिलिमीटर पेलतील अशी करावीत, असे त्यात सुचविले होते. खर्चाच्या अडचणीने बहुतेक कामे मागे पडली. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस सुधारलेल्या गटारांनीही पेलला नसता, हे खरे; परंतु बारा वर्षांपूर्वीचा सल्ला कपाटात का राहिला, हा प्रश्न त्यामुळे नाहीसा होत नाही. त्याच पावसात कामवारीचे पाणी आपल्याही गावातील सखल वस्त्यांत शिरले होते. पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि २००६ साली तिने सविस्तर अहवाल दिला. म्हणजे सल्लागार पुन्हा आले. पण त्यांनी सांगितलेल्या कामांची दरवर्षी बाहेरून मोजदाद करण्यास कोणी कायमचा नेमला गेला नाही.

दुसरे उदाहरण पश्चिम घाटाचे. केंद्र सरकारने २०१० साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल २०११ च्या ऑगस्टअखेर मंत्रालयाला मिळाला. पण तो लोकांपुढे येईना. माहितीच्या अधिकारान्वये तो मागावा लागला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१२ च्या मे महिन्यात तो प्रसिद्ध झाला. पुढे कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला, व त्याने कडक संरक्षणाचे क्षेत्र पुष्कळ कमी सुचविले. दोन तज्ज्ञांत मतभेद होणे यात गैर काहीच नाही. गैर हे की, मूळ सल्ला काय होता हेच लोकांना महिनोन् महिने कळू नये.

या दोन्ही उणिवांवर ब्रिटनने जी तोड काढली, ती अभ्यासण्याजोगी आहे. तेथे २००८ साली हवामानबदलाचा कायदा झाला आणि त्याच कायद्याने तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती स्थापन झाली. पाच-पाच वर्षांत देशाने जास्तीत जास्त किती वायू सोडावा, याची मर्यादा ही समिती सुचवते आणि पार्लमेंट ती मुक्रर करते. तीही तो काळ सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी, म्हणजे उद्योगधंद्यांना तयारीस अवधी मिळावा. पुढे दरवर्षी समिती प्रगतीचा अहवाल थेट पार्लमेंटपुढे ठेवते, आणि सरकारला ठरलेल्या मुदतीत त्याला लेखी उत्तर द्यावेच लागते. सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन नाही. पण न मानल्यास कारण सांगण्यावाचून सुटका नाही. २०१९ साली याच समितीच्या सल्ल्यावरून तेथे २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे ध्येय कायद्यात आले. आणि २०२२ साली नागरिकांच्या संस्था न्यायालयात गेल्या, तेव्हा सरकारची योजना कायद्याच्या कसोटीस उतरत नाही, असा निकाल तेथील न्यायाधीशांनी दिला. तात्पर्य, समितीच्या शहाणपणाइतकेच महत्त्व अहवालाच्या ठरलेल्या तारखेला आणि उत्तराच्या सक्तीला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. लोकांनी निवडून दिलेल्यांवर न निवडलेल्या पंडितांनी लगाम का ठेवावा? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. म्हणूनच सल्लागाराच्या हाती सत्ता असू नये, त्याच्या हाती केवळ मोजपट्टी असावी. गरीब कारखानदाराला किती सवलत द्यायची, कोणत्या वस्तीला आधी हात लावायचा, हे निर्णय लोकप्रतिनिधींचेच. पण पाऊस किती पडला, धूर किती सोडला, ठरल्यापैकी किती काम झाले, ही मापे बहुमताने बदलत नाहीत.

आपल्याकडे योजना होऊ लागल्या आहेत. टेरी या संस्थेने २०१४ साली महाराष्ट्र शासनासाठी हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा अभ्यास केला. मुंबई महापालिकेने बाहेरच्या अभ्यासकांच्या साहाय्याने २०२२ च्या मार्चमध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला, आणि २०२४ साली अंदाजपत्रकातील हवामानविषयक खर्चाचा अहवालही काढला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कायद्याने नेमलेला, सरकारबाहेरचा, दरवर्षी जाहीरपणे बोलणारा आणि ज्याला उत्तर द्यावेच लागते असा तपासनीस आपल्याकडे अजून नाही. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली मान्य केला; त्या हक्काला सर्वव्यापी कायद्याचे पाठबळ नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे.

तोवर आपण स्वस्थ बसावे असे नाही. भिवंडीत सायझिंगच्या बॉयलरमध्ये काय जळते, पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास माग चालवणाऱ्याला वैशाखात किती ताप सोसावा लागतो, कामवारीच्या आणि नाल्यांच्या काठी पाण्याला वाट किती उरली आहे, हे येथल्या माणसांना ठाऊक आहे. महानगरपालिकेने याविषयी कोणतीही योजना मांडली की, तीन प्रश्न विचारावेत. हे काम कोणत्या वर्षी किती होणार? ते मोजणारा माणूस पालिकेच्या पगारावरचा आहे की बाहेरचा? आणि त्याचा अहवाल कोणत्या तारखेला आमच्या वाचनालयात येणार? तीनही प्रश्नांना लेखी उत्तर मिळेपर्यंत ते पुनःपुन्हा विचारीत राहणे, हेच सध्या आपल्या हाती असलेले हिशेबतपासनिसाचे काम आहे.