चोपडीचे नवे बासन

पूर्वी पेढीवरची चोपडी लाल कापडी बांधणीची असे. दुकान बंद करताना ती बासनात गुंडाळून तिजोरीशेजारी ठेवली जाई. धूळ, ओल आणि उंदीर यांपासून वही वाचावी, एवढाच बासनाचा उद्देश. ते शोभेसाठी कोणी निवडत नसे. आज ती चोपडी लॅपटॉपमध्ये गेली आहे आणि रोज घरून पेढीवर, पेढीवरून करसल्लागाराकडे प्रवास करते. तिचे बासन मात्र आपण रंग पाहून घेतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला याची किंमत मोजावी लागली. तो डोंबिवलीहून मशीद बंदरला लोकलने जातो. लॅपटॉपसोबत फुकट मिळालेली सॅक पाठीवर होती. ठाण्याला लोंढा आत शिरला आणि तो दारातल्या खांबावर दाबला गेला. सॅकमध्ये पडद्यामागेच चार्जरचा ठोकळा होता. पेढीवर झाकण उघडले, तर पडद्यावर कोळ्याचे जाळे! तारीख अठरा, जीएसटीचे ३बी विवरणपत्र वीस तारखेपर्यंत भरायचे होते. दुरुस्ती करणाऱ्याने बाहेरचा पडदा जोडून दिला, म्हणून काम निभावले. "काका, पडलाच नव्हता हो तो," असे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

मर्म तेथेच आहे. गर्दीच्या लोकलमध्ये लॅपटॉप पडण्यापेक्षा दाबला जाण्याचा धोका अधिक. निओप्रीनचे मऊ कव्हर ओरखडे आणि लहानसहान धक्के अडवते. दाब मात्र ते जसाच्या तसा आत पोहोचवते. त्यासाठी कप्प्याच्या दोन्ही बाजूंना ताठ पत्रा किंवा घट्ट ईव्हीए फोम हवा. परीक्षा सोपी आहे. रिकामी सॅक दोन तळहातांमध्ये धरून दाबावी. दोन्ही बाजू सहज एकमेकींना चिकटल्या, तर ती परत ठेवावी. 'मिलिटरी ग्रेड' या शब्दांना भुलू नये. अमेरिकी सैन्याचे ८१० क्रमांकाचे मानक म्हणजे अनेक चाचण्यांचा संग्रह आहे. त्यांतील कोणती चाचणी, कोणी घेतली, हे लिहिलेले नसेल, तर त्या छापील शब्दांची पत बिनसहीच्या धनादेशाइतकीच.

लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळाला टेकलेला नसावा. दोन बोटे वर, जणू टांगलेला असावा. सॅक फलाटावर घाईने टेकवताना पहिला मार कोपऱ्यांनाच बसतो. माप घेतानाही फसगत होते. १५.६ इंच हे पडद्याचे तिरके माप असते, यंत्राचे नव्हे. म्हणून लांबी-रुंदी फूटपट्टीने मोजून न्यावी. सैल कप्प्यात लॅपटॉप आत आपटत राहतो.

कापडाच्या चिठ्ठीवर 'डेनियर' लिहिलेले असते. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. रोजच्या वापराला ६०० डेनियरचे पॉलिएस्टर पुरते. १,६८० डेनियरचे बॅलिस्टिक नायलॉन घासण्याला अधिक दाद देत नाही, पण जडही असते. माझा अनुभव असा, की कापड टिकते आणि चेन, शिवण आधी जाते. पट्टा जेथे जोडला आहे तेथे चौकोनात फुलीची दुहेरी शिवण आहे ना, हे पाहावे. पाऊसही बहुधा चेनमधूनच शिरतो. तिच्यावर कापडाची झडप हवी आणि जोरदार सरीसाठी वेगळे रेनकव्हर. आतल्या पाण्याचाही विचार करावा. आपल्यापैकी अनेक जण घरचे उकळलेले पाणी सोबत नेतात. ती बाटली बाहेरच्या खिशातच असावी, लॅपटॉपच्या कप्प्यात कधीही नको.

आपल्या घरांत विचारला जाणारा आणखी एक प्रश्न चामड्याचा. सॅक नायलॉनची असली, तरी मूठ, चेनची शेपटी किंवा नावाची पट्टी चामड्याची निघू शकते. कापलेली कड पाहावी: चामडे तंतुमय दिसते, नकली चामड्यामागे विणलेले कापड दिसते. कड दुमडून शिवलेली असेल, तर बिलावर 'चामडे नाही' असे लिहून मागावे. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याकडे लेखी मागण्यात संकोच कसला? मात्र 'पीयू लेदर' चामडे नसले, तरी मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. दोन्ही दृष्टींनी साधे नायलॉन बरे.

लॅपटॉप चालू ठेवून किंवा नुसता झोपवून सॅकमध्ये कोंबण्याची सवय मुलांनी सोडावी, असे मी नेहमी सांगतो. गादीच्या कप्प्यात तो अकारण जागा झाला, तर उष्णतेला वाट मिळत नाही. हिशेबाची एक प्रत रोज रात्री दुसरीकडे घेणे हा वेगळा विषय, पण पुतण्याने तेही त्याच आठवड्यात सुरू केले.

त्याची नवी सॅक राखाडी आहे. सूनबाईंच्या मते ती टपालखात्याच्या पोत्यासारखी दिसते. गाडीत शिरताना तो ती छातीशी घेतो. आणि चार्जर आता बरोबर नेतच नाही, एक घरी आणि एक पेढीवर ठेवला आहे.