पन्नासाला एक

पाच लिटर पेट्रोलला १०० मिलि ऑइल. हिंगोली जिल्ह्यात ज्याच्या घरी पेट्रोलवरचा टू-स्ट्रोक फवारणी पंप आहे, त्याला हे माप तोंडपाठ असतं. सोयाबीनवर अळी दिसली की पंप पाठीवर चढतो आणि त्याआधी कॅनमध्ये ऑइल पडतं. मागच्या पिढीने हाच हिशोब लुना, एम-८० आणि राजदूतवर केला. पेट्रोल भरायला गेलं की ‘ऑइल किती टाकू?’ हा प्रश्न ठरलेला असायचा. त्या गाड्या गेल्या, प्रश्नही गेला. टू-स्ट्रोक इंजिन मात्र गेलेलं नाही. शेताबाहेर ते आणखी एका कामाला येतं. पुरात अडकलेली माणसं काढणाऱ्या रबरी बोटींना अनेक ठिकाणी आजही हेच इंजिन असतं.

जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेच्या बाजूने पूर्णा आणि मधून कयाधू वाहते. कळमनुरीच्या हद्दीवर इसापूर धरण आहे, औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, आणि त्याच्या वर येलदरी. या पाण्यावर मासे धरणारे भोई वल्ह्यावर आणि थर्माकोलच्या तराफ्यावर भागवतात. इंजिनाच्या बोटीची आठवण होते ती पावसाळ्यात. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी वाहत्या पाण्यात वल्ह्याचं काही चालत नाही.

बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायच्या या इंजिनाला बचाव पथकात ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत असं इंजिन विकायला काढलं आणि ते जगभर रुजलं. त्याआधी इंग्लंडमध्ये जोसेफ डे याने १८९० च्या सुमारास टू-स्ट्रोकची साधी मांडणी बसवली होती. पिस्टनखालच्या क्रँककेसमध्येच हवा-पेट्रोल ओढायचं, दाबायचं आणि वर ढकलायचं. व्हॉल्व्हची भानगड नाही आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, त्यामुळे वजनाच्या मानाने ताकद जास्त. २५ अश्वशक्तीचं असं इंजिन साधारण ५० किलोचं भरतं. दोन माणसं ते ट्रकमधून उतरवून चिखलातून बोटीपर्यंत नेतात. बचावकामात त्याला मागणी आहे ती मुख्यतः यामुळे.

याच मांडणीत ऑइलचं कोडं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली साठून राहतं आणि फिरून फिरून वापरलं जातं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमधून पेट्रोलच जात असल्याने तिथे ऑइल साठवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळून पाठवायचं. जाता जाता ते बेअरिंगला आणि सिलिंडरच्या भिंतीला लागतं, मग जळून धुरासोबत बाहेर पडतं. मिसळायला विसरलं तर काही मिनिटांत पिस्टन धरतो आणि इंजिन जाम होतं.

प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच ओबीएमला ५०:१ चालतं, म्हणजे लिटरला २० मिलि आणि २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. इंजिन नवीन असेल तर सुरुवातीचे काही तास याच्या दुप्पट, २५:१. हमखास चूक होते ती ‘पन्नास’ या आकड्यात. कुणीतरी लिटरला ५० मिलि ओततो. ते होतं २०:१, म्हणजे अडीचपट. प्लग ओला आणि काळा होतो, धूर वाढतो, दोरी ओढून खांदा भरून येतो. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी’ हा समजही खरा नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रवच जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, आणि इंजिन उलट जास्त तापू शकतं.

मिसळायची रीतही ठरलेली आहे. कॅन उघड्यावर, जमिनीवर ठेवायचा. गाडीत ठेवून भरायचा नाही. विडी-सिगारेट लांब. आधी निम्मं पेट्रोल, मग मापाने ऑइल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवायचं. ऑइलला निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो, त्यामुळे मिसळलेलं आणि कोरं पेट्रोल डोळ्यांनी ओळखता येतं.

फवारणी पंपाचं ज्ञान इथपर्यंत पुरतं. पुढे फरक पडतो तो ऑइलच्या जातीत. पंप आणि मोटारसायकल हवेवर थंड होतात, त्यांचं टू-टी ऑइल चढ्या तापमानासाठी केलेलं असतं आणि त्यातल्या काही घटकांची राख उरते. ओबीएम नदीच्या पाण्यावर थंड होते आणि तासन् तास पूर्ण वेगात पळते. तिच्यासाठी राख न सोडणारं ऑइल लागतं. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू पाण्याचा. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तरी डबा वाचूनच घ्यावा.

दुसरा नवा धोका इथेनॉलचा. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला वंगण नसलेला थर मिळतो. जूनमध्ये भरून ठेवलेली टाकी सप्टेंबरात जोडली तर हेच होऊ शकतं. मिश्रण महिन्याच्या वर ठेवू नये आणि बोट परत आली की कार्बोरेटर रिकामं करावं.

बोट पाण्यात घातल्यावर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा, नाहीतर इंजिन थोडं चालून बंद पडतं. नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, चोक ओढायचा, दोरी मारायची. चालू झालं की आधी मागे बघायचं: इंजिनातून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार नसेल तर पुराच्या पाण्यातला काळा गाळ किंवा प्लॅस्टिक जाळीत अडकलं आहे. लगेच बंद करायचं.

या इंजिनाचा दोष लपवण्यासारखा नाही. जुन्या बनावटीच्या टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत भाग न जळताच पाण्यात आणि हवेत जातो. धरणांवर रोजच्या सहलीसाठी फोर-स्ट्रोकच हवं. पण पुरात, हलकं आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्त होणारं इंजिन म्हणून त्याची जागा अजून आहे. ज्या तालुक्याच्या ताब्यात अशी बोट आहे, तिथे मृगाआधी तीन गोष्टी तपासाव्यात: डब्यावर टीसी-डब्ल्यू३ आहे का, कॅनवर मिसळल्याची तारीख आणि प्रमाण लिहिलं आहे का, आणि बोट शेवटची पाण्यात कधी चालवली. गावात वर्षानुवर्षे पंप चालवणाऱ्या दोन पोरांना हे काम शिकवायला एक दुपार पुरते.