दोड्डपेटेचा रस्ता

बेंगळुरूच्या म्हैसूर बँक चौकातून कृष्णराजेंद्र मार्केटकडे जाणारा अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणजे जुनी दोड्डपेटे. दुतर्फा पुस्तकं, वह्या, लग्नपत्रिका, सोन्याचांदीची दुकानं. केम्पेगौडांनी १५३७ मध्ये मातीचा कोट घालून शहर वसवलं, तेव्हा दोड्डपेटेच्या चौकातून चार दिशांना बैलांचे नांगर सोडून रस्ते आखले, असं सांगतात. तांदळाची अक्किपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कापसाची अरळेपेटे याच आखणीला जोडलेल्या. पुण्याच्या पेठांत फिरलेल्याला इथल्या गल्ल्या परक्या वाटत नाहीत.

तशाही त्या परक्या नाहीतच. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. चिक्कपेटेत त्यांचा गौरीमहाल होता म्हणतात. आज तिथं त्याची एक भिंतही दाखवता येत नाही. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ मात्र या दरबाराची साक्ष देतो. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना देऊन टाकलं.

या रस्त्यावर मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते राइस मेमोरियल चर्चपाशी. बाजाराच्या गर्दीत उंच खांब, वर त्रिकोणी शिखर. नाव बेंजामिन होल्ट राइस या मिशनऱ्याचं. त्यांचा मुलगा बी. लुईस राइस १८३७ मध्ये बेंगळुरूतच जन्मला. म्हैसूर राज्यातले हजारो शिलालेख गोळा करून त्यानं ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड सिद्ध केले. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी काडु मल्लेश्वराला गाव दान दिल्याचा १६६९ चा कन्नड शिलालेखही त्यांतच छापला आहे. महाल गेला, दानाचा दगड टिकला आणि त्याचं वाचन राइसमुळे आपल्या हाती आलं. मराठी इतिहासाच्या वाचकानं या माणसाचं ऋण मानायला हवं.

पुढं १९२८ चं मार्केट आणि त्यापलीकडं किल्ला. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेनं ७ तारखेला पेठ घेतली, २१ ला किल्ला. त्याच वर्षी पुरा झालेला टिपूचा लाकडी खांबांचा महाल पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली उभा आहे. पेठेतल्या घरांना असा कुणी राखणदार नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी ती जुनी घरं एकेक करून पडतात आणि त्यांच्या जागी काचेचे दर्शनी भाग येतात. महालाइतकीच ही घरंही या शहराचा इतिहास आहेत. पालिकेनं निदान त्यांची गल्लीवार नोंद तरी करावी, आणि ती पाडायची परवानगी देण्याआधी करावी.