पार, तुडुम आणि विहीर

भूजलाच्या सरकारी मोजणीत गोंदिया जिल्हा ‘सुरक्षित’ गटात बसतो. वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बाघ, जिकडे तिकडे तलाव. अशा जिल्ह्यात मे महिना लागला की देवरी, सालेकसा, सडक अर्जुनीकडच्या कित्येक विहिरींचा तळ दिसू लागतो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही.

कारण पायाखाली आहे. आमगावचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते तिथल्या अतिप्राचीन नाइस खडकामुळे. जिल्ह्याचा बराचसा भाग अशाच कठीण खडकावर वसलेला आहे. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. हा थर उथळ असल्यामुळे तो पावसाळ्यात लवकर भरतो आणि उन्हाळ्यात लवकर रिता होतो. खाली पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असा साठा नाही. जमिनीवर पाणी जितकं रेंगाळेल, तितकीच विहीर टिकेल.

कोहळी समाजाने ही गोष्ट तीन शतकांपूर्वी हेरली होती. गोंड राजवटीच्या आश्रयाने या लोकांनी उतार पाहून पारी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या, पाणी सोडायला तुडुम ठेवले, जादा पाणी निघून जायला सलंग काढली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगतात. वरच्या तलावाचं पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात, बोडीतून धानाच्या बांधीत म्हणजे खाचरात असा त्याचा प्रवास. वाटेत प्रत्येक ठिकाणी ते मुरत जायचं. म्हणून पारीच्या खालच्या अंगाची विहीर सहसा आटत नसे. भूजल हा शब्द कागदावर यायच्या कितीतरी आधी हे पुनर्भरणच चाललं होतं.

हे चक्र तुटलं ते १९५१ साली. गावाचा सारा वसूल करणारी आणि तलाव राखणारी मालगुजारी रद्द झाली, आणि ती रद्द व्हायलाच हवी होती. त्या व्यवस्थेत राबणाऱ्यांच्या वाट्याला काय येत होतं, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण मालगुजारासोबत तलावाचा राखणदारही गेला, आणि त्याच्या जागी कोण, हे कोणी ठरवलं नाही. तलाव सरकारजमा झाले. जिल्हा परिषदा आल्यावर १०० हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गावकरी पाणी मोफत वापरण्याचा निस्तार हक्क सांगत राहिले, सरकार पाणीपट्टी मागत राहिलं. या ओढाताणीत पारीवर झाडं माजली, तुडुम गळू लागले, पोटात गाळ साचला, काठच्या कोरड्या पडलेल्या जमिनीवर अतिक्रमणं झाली. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. ‘मामा तलाव’ या लाडक्या नावाने ते ओळखले जातात, पण मामाची विचारपूस करायला भाचा क्वचितच येतो.

साठ-सत्तरच्या दशकांत इटियाडोह, पुजारीटोला अशी धरणं झाली. कालव्याखालच्या गावांचं भलं झालं. कालव्याच्या पाझराने तिथल्या विहिरीही भरल्या. जिथे कालवा पोचला नाही तिथे पुढे बोअरवेल पोचली. तिच्या मागोमाग उन्हाळी धान आलं. जानेवारी ते मे, ऐन रखरखीत दिवसांत बांधीत पाणी उभं ठेवायचं, तेही त्या उथळ थरातून उपसून. पूर्वी खरिपाच्या धानानंतर उरल्या ओलीवर लाखोरी, जवस निघायचं. त्यासाठी विहिरीला हात लावावा लागत नसे. उन्हाळी धान लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. धानाला हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे, वर बोनसही मिळतो. जवसाच्या पाठीशी तसं कोण उभं आहे? महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरी शेतीसाठी खोदायला मनाई करतो. पण बाजार ज्या दिशेने ढकलतो, तिकडे जाणारी माणसं निव्वळ कायद्याने थांबत नाहीत.

मग गाळ काढण्याचे दिवस आले. २०१४च्या अखेरीस जलयुक्त शिवार, २०१७मध्ये गाळमुक्त धरण अशा सरकारी योजना आल्या. कामं झाली, काही तलावांत पाणी जास्त थांबू लागलं, हे मान्य केलं पाहिजे. पण जेसीबीने तुडुमाच्या पातळीखाली खणलेला खड्डा वेगळाच प्रश्न घेऊन येतो. ते पाणी आपसूक शेतात उतरत नाही. शेवटी तिथेही मोटार बसते. शिवाय काठाचा मंद उतार नाहीसा होतो. त्या उतारावरच्या उथळ पाण्यात वनस्पती रुजतात, मासे अंडी घालतात, पक्षी चरतात. आणि वरच्या पाणलोटातली माती न अडवता खणलं, तर गाळ पुन्हा येतोच.

या सगळ्या काळातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम जेसीबीविना झालं. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाला सोबत घेतलं. हे मासेमार, तलावाच्या पोटात काय उगवतं हे जाणणारे. बायका-पुरुषांनी तलाव गिळत चाललेली बेशरमची झुडपं मुळासकट उपटली, तळाचा काही भाग नांगरला, जुन्या पाणवनस्पती शोधून आणून लावल्या. हेतू मासे वाढवण्याचा होता. पण मासेमारीवर ज्याचं पोट आहे, तो तलाव आटू देत नाही. १९५१ साली रिकामी झालेली राखणदाराची जागा भरू शकणारी ही माणसं आहेत, आणि तलावाच्या दुरुस्तीचा आराखडा ठरताना त्यांना बैठकीला बोलावलंसुद्धा जात नाही.

बदलाची सुरुवात आकड्यांपासून करता येईल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते. ते आकडे त्या-त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, गावच्या तलावाच्या साठ्याशेजारी लिहिले जावेत. उन्हाळी धान किती बांध्यांत लावायचं, हे ठरवणारी ग्रामसभा मार्चमध्ये नव्हे, दिवाळीनंतर लगेच भरावी, ऑक्टोबरचा आकडा समोर ठेवून. आणि त्या सभेत शेतकऱ्यांइतकंच ढिवरांचंही म्हणणं नोंदवलं जावं.