मोंडोरचा विकार : छाती व स्तनावरील नीलांचा दाह

स्तनाच्या बाजूस त्वचेखाली दोरीसारखी ताठ, दुखरी रेघ हाताला लागली की स्त्रीच्या मनात प्रथम कर्करोगाची भीती उभी राहते. परंतु वरवरच्या नीलेत रक्त गोठून तिला दाह झाल्यासही अशी रेघ निर्माण होते. फ्रेंच शल्यविशारद आंरी मोंडोर यांनी १९३९ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून यास मोंडोरचा विकार म्हणतात. मार, स्तनावरील शस्त्रक्रिया, घट्ट कपडे व हातांचे अतिश्रम ही त्याची कारणे होत. कित्येकदा कारण सापडतही नाही. हात वर केल्यास त्वचा ओढली जाऊन खाच दिसते. शेक, विश्रांती व वैद्यकीय सल्ल्याने घेतलेली वेदनाशामके यांनी तो साधारणतः ४ ते ८ आठवड्यांत बरा होतो.

तथापि क्वचित यामागे स्तनाचा कर्करोगही दडलेला असतो. म्हणून सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार मॅमोग्राफी करून घेणे इष्ट ठरते. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावातील स्त्रीने संकोचापोटी दुखणे अंगावर काढू नये; छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. वेळीच केलेली तपासणी बहुतेकींची भीती दूर करते आणि एखादीचा जीव वाचविते.